पुळणीवरच्या तीन रात्री : वेळासची कासवं

कोकणातल्या वेळासला बहुतेक मंडळी जातात ती मार्चात, कासवांची पिल्लं बघायला. अंडी घालायला आलेली मादी बघायची असेल, तर मात्र हिशोब वेगळा करावा लागतो. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या कोकणच्या किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात येतात. पिल्लं बाहेर पडायला लागतात फेब्रुवारीत आणि हा सिलसिला एप्रिलपर्यंत, कधी मेपर्यंत चालतो. दोन्ही एकाच फेरीत जमवायचं, तर फेब्रुवारीचा उत्तरार्ध धरावा. आम्ही माघ वद्य एकादशी ते चतुर्दशी असे दिवस धरले. वद्य पक्षाच्या शेवटी चंद्र पहाटेच उगवतो, त्यामुळे रात्र पूर्ण काळोखी मिळते, आणि भरती रात्री नऊ-दहाच्या सुमारास येते. का, ते पुढे कळेलच.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. ओडिशात ऋषिकुल्या आणि गहिरमाथ्याला हीच कासवं एकाच वेळी लाखांनी किनाऱ्यावर चढतात. कोकणात तसं होत नाही. इथे मादी एकेकटी येते, कुठल्याही रात्री, पुळणीवर कुठेही. तीन रात्री जागूनही काहीच दिसलं नाही, असं सहज होऊ शकतं. ज्यांना खात्रीनं काहीतरी बघायचं आहे, त्यांनी पिल्लांच्या वेळेला जावं.

पहिला दिवस, एकादशी

माणगाव-म्हसळा करत बागमांडल्याला पोचून फेरीबोटीनं सावित्रीची खाडी ओलांडली, की पलीकडे वेश्वी. तिथून बाणकोटमार्गे वेळास. खाडीच्या तोंडाशी असलेला बाणकोटचा किल्ला, म्हणजेच हिम्मतगड, वाटेतच लागतो. गाडी थांबवून बघण्याजोगा आहे, वर खाडी आणि समुद्र दोन्ही एका नजरेत येतात. एसटीनं यायचं तर मंडणगडहून वेळासची गाडी आहे, फेऱ्या मोजक्याच असतात. महाशिवरात्रीच्या दिवशी मात्र ही फेरीबोट टाळा. हरिहरेश्वरची सगळी गर्दी त्याच धक्क्यावर येते.

वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. गाव समुद्राला चिकटून नाही. लाल मातीची वाट, नारळी-पोफळीच्या वाड्या, मग सुरूचं बन आणि त्यापलीकडे पुळण. चालत पंधरा-वीस मिनिटं. हे अंतर कासवांच्या पथ्यावर पडलं आहे, कारण घरांचे दिवे पाण्यापर्यंत पोचत नाहीत.

राहणं गावातल्याच घरांमध्ये. पडवीत किंवा माजघरात गाद्या, स्वच्छतागृह बहुतेक ठिकाणी सामायिक, जेवण शाकाहारी. एकादशी असल्यानं घरच्या काकूंनी उपासवाल्यांसाठी साबुदाण्याची खिचडी वेगळी केली होती. बाकीच्यांना फणसाच्या कुयरीची भाजी, वालाचं बिरडं, भात आणि सोलकढी. कुयरीची भाजी याच दिवसांत मिळते. पुढे गरे धरले की ती मजा जाते. उकडीचे मोदक हवे असतील, तर आदल्या दिवशी सांगावं लागतं.

संध्याकाळी साडेपाचला पुळणीवर पोचलो. हॅचरी म्हणजे पुळणीवर सापडलेली अंडी आणून पुन्हा पुरायची, राखायची जागा. फार काही भव्य नसतं. भरतीच्या रेषेपासून बऱ्यापैकी वर, सपाट कोरड्या जागेवर जाळीचं कुंपण. जाळी जमिनीखालीही पुरलेली, नाहीतर कोल्हे आणि कुत्री खालून उकरून आत शिरतात. आत ओळीनं घरटी, दोन घरट्यांत साधारण मीटरभर अंतर. प्रत्येक घरट्यापाशी एक पाटी : घरट्याचा क्रमांक, अंडी मिळाल्याची तारीख, अंड्यांची संख्या. पंचेचाळीस दिवस होत आले, की त्या घरट्यावर वेताची टोपली उपडी घालतात. रात्रीत वर आलेली पिल्लं तिच्याखाली अडकून राहतात आणि खेकड्यांच्या तावडीत सापडत नाहीत.

टोपलीचा एक तोटाही आहे, आणि तो घरटी राखणारे कासवमित्र स्वतःच सांगतात. पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा पोटात थोडा बलक शिल्लक असतो, तेवढ्याच शिदोरीवर त्याला पहिले काही दिवस खोल पाण्याकडे पोहत जायचं असतं. टोपलीखाली ते धडपडत राहिलं, की ती शिदोरी तिथेच संपते. वर ऊन चढलं, तर वाळू तापून पिल्लं मरतातही. म्हणून टोपल्या सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, अशा दोन वेळा न चुकता उचलल्या जातात. मधल्या वेळातही कोणी ना कोणी डोकावून जातो. पर्यटक उशिरा पोचले म्हणून पिल्लं थांबवून ठेवायची नाहीत, असा इथला रिवाज आहे, आणि तो योग्यच आहे. उशिरा पोचून वाद घालणारी माणसं दर हंगामात असतात.

त्या संध्याकाळी दोन टोपल्यांखाली मिळून नऊ पिल्लं होती. पाण्यापासून काही अंतरावर, ओल्या वाळूच्या अलीकडे त्यांना ठेवलं गेलं. थेट पाण्यात सोडत नाहीत. वाळूवरचं हे चालणं त्यांच्यासाठी गरजेचं मानतात, माद्या मोठ्या होऊन जन्माच्या भागाकडे परततात त्याच्याशी याचा संबंध असावा. पिल्लू जेमतेम चार सेंटिमीटर लांब, वजन पंधरा-सोळा ग्रॅम. त्याच्यासाठी माणसाच्या पावलाचा ठसा म्हणजे खड्डाच. म्हणून समोरची वाळू आधी फळीनं सपाट करून घेतात आणि दोरीच्या पुढे कोणालाही जाऊ देत नाहीत. पहिली लाट पिल्लांना हटकून मागे फेकते. नऊतली दोन उलटी पडली. लोक "अरे, उचला उचला" करायला लागले, पण कासवमित्रानं हातानंच थांबवलं. पिल्लं मान आणि वल्ह्यासारखे पुढचे पाय वापरून आपणच सुलटी झाली, आणि तिसऱ्या लाटेनं त्यांना नेलं.

इथली ही रीत २००२ सालची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची माणसं समुद्र गरुडांच्या पाहणीसाठी फिरत असताना त्यांना या किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांची चोरी होत असल्याच्या खुणा दिसल्या. तोवर कोकणात अंडी उकरून खाणं, विकणं सर्रास चालायचं. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना बरोबर घेतलं आणि पहिल्याच हंगामात ५० घरटी राखली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे घराघरांत उतरू लागले, तसा चार पैशांचा आधार गावाला मिळाला. आज वन विभाग आणि कांदळवन कक्षाच्या मदतीनं हे काम कोकणातल्या कितीतरी किनाऱ्यांवर चालतं.

रात्रीची गस्त हा पाहुण्यांच्या कार्यक्रमाचा भाग नसतो. अंधार पडल्यावर आपल्या मनानं पुळणीवर फिरायला बंदी आहे, ती पाळावीच. आधीपासून विचारून, वन विभागाची परवानगी काढून, कासवमित्रांबरोबर चार-पाच जणांना जाता आलं तर आलं. आम्ही पाच होतो.

गस्तीला निघण्याआधीची तयारी थोडक्यात अशी. कपडे गडद रंगाचे. वरून एक जाडसर स्वेटर, फेब्रुवारीतही मध्यरात्री दव पडतं आणि वारा झोंबतो. टॉर्चवर लाल जिलेटीन कागदाच्या तीन-चार घड्या रबरानं बांधलेल्या, एका घडीतून पांढरा उजेड झिरपतोच. मोबाईल बंद करून खिशात. नुसता शांतपणावर ठेवून भागत नाही, निरोप आला की पडदा उजळतो. पाण्याची बाटली न्यावी. हॅचरीत पिल्लांच्या जवळपास जाणार असाल, तर हातापायांना डास पळवणारं मलम चोपडू नये.

कोकणातली जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीला पाऊणनं गुणायचं. एकादशी म्हणजे अकरा, अकराचे पाऊण सव्वाआठ. सव्वाआठला भरती. प्रत्यक्षात ती अर्धा-पाऊण तास पुढे सरकलेली असते, पण अंदाजाला पुरते. मादी बहुधा भरतीच्या आगेमागे वर येते, कारण तेव्हा जड अंग ओढत चालायचं अंतर कमी होतं. पाण्यात हलकीफुलकी असलेली पस्तीस-चाळीस किलोंची कासवीण वाळूवर आली, की तिला दर चार-पाच पावलांना थांबून श्वास घ्यावा लागतो.

त्या रात्री आठ ते बारा अशा दोन फेऱ्या मारल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाऊन परत यायला तास-सव्वातास लागतो. चालायचं पाण्याच्या कडेनं, ओल्या वाळूवरून. वरच्या कोरड्या वाळूत चाललं, तर खाली न सापडलेलं घरटं असू शकतं. आणि कासवाचा माग ओल्या पट्ट्यातच आधी दिसतो.

दुसऱ्या फेरीत माग मिळाला. ऑलिव्ह रिडलेचा माग सायकलच्या टायरसारखा एकसंध नसतो, उजवा-डावा पाय आळीपाळीनं पडल्यानं खुणा एकाआड एक दिसतात. रुंदी साधारण पाऊण मीटर. हिरवं कासव असेल, तर दोन्ही बाजूंच्या खुणा समोरासमोर पडतात आणि मधे शेपटीची रेघ असते. हा माग सरळ वर गेला होता, मर्यादवेलीच्या कडेपाशी वळला होता आणि इंग्रजी यू अक्षरासारखा पुन्हा पाण्यात. मधे कुठेही वाळू विस्कटलेली नाही. म्हणजे मादी आली, तिला काहीतरी खटकलं आणि ती अंडी न घालता परतली. वेलीची मुळं लागली असतील, वाळू फार कोरडी असेल, नाहीतर कुठे उजेड दिसला असेल. अशी परतलेली मादी त्याच रात्री किंवा एक-दोन रात्रींत पुन्हा प्रयत्न करते. कासवमित्रानं मागावर काठीनं आडवी रेघ ओढली. तोच माग पुढच्या फेरीत नवा समजून धावाधाव होऊ नये, म्हणून.

दुसरा दिवस, द्वादशी

सकाळच्या टोपल्यांखाली एकाच घरट्याची एकतीस पिल्लं. मेतकूट-भात आणि पोह्याच्या पापडाचा नाश्ता करून दिवस तसा सुस्तच गेला, आणि जाऊ द्यावा. रात्री जागायचं असेल, तर दुपारी झोपणं हा तयारीचाच भाग आहे. दिवसा पुळणीवर समुद्र गरुड दिसतात, त्यासाठी दुर्बीण जवळ ठेवा.

द्वादशीची भरती हिशोबानं नऊची, प्रत्यक्षात साडेनऊच्या पुढची. नऊला निघालो. वारा पडला होता. लांब मचव्यांचे दोन दिवे, बाकी मिट्ट काळोख. पंधरा-वीस मिनिटांत डोळे सरावले, की चांदण्यांच्या उजेडात ओल्या वाळूची चकाकी पुरते. टॉर्च लावायची गरजच पडत नाही.

दहा वाजून वीस मिनिटांनी पुढे चाललेला कासवमित्र एकदम खाली बसला. मागचेही बसले. तीस-चाळीस पावलांवर, पाण्याच्या रेषेत एक काळा गोटा होता, आणि गोटा सरकत होता.

इथून पुढे काय करायचं, ते नेमकं ठरलेलं आहे. मादी वर चढत असताना आणि जागा शोधत असताना ती अगदी बुजरी असते. उभं राहिलेलं माणूस, सिगारेटचं टोक, कुजबूज, कशानंही ती उलटी फिरते. त्यामुळे आहे तिथे पडून राहायचं, तिच्या आणि समुद्राच्या मधे कधीही यायचं नाही. ती चालत होती, थांबत होती, तोंड वाळूत खुपसून पुन्हा चालत होती. उच्छ्वास टाकल्याचा फुस्स असा आवाज आमच्यापर्यंत येत होता. मर्यादवेलीच्या आत ती शिरलीच नाही. भरतीची ताजी रेषा ओलांडून जेमतेम तीन मीटरवर तिनं बैठक मारली.

साडेदहाला खणायला सुरुवात. कासवमित्र सरपटत मागच्या बाजूनं गेला, आणि ती कामात गुंतल्याची खूण त्यानं केल्यावर आम्ही एकेक करून, पोटावर रांगतच, तिच्या मागे दीड-दोन मीटरवर पोचलो. ऑलिव्ह रिडले अंगाखालचा खड्डा उथळच करते. खरं काम मागच्या पायांचं. उजवा पाय आत गेला, पंजाची ओंजळ करून वाळू उचलली, सावकाश बाजूला ठेवली. लगेच डाव्या पायानं आपल्या बाजूची सांडलेली वाळू पुढे झटकली आणि तो आत गेला. मग पुन्हा उजवा. एकदाही चुकामूक नाही. तिला मागचं काही दिसत नसतं, सगळं पायांच्या स्पर्शावर. अठरा मिनिटांत पाय पोचेल तेवढं खोल, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर, भोक झालं. आकार माठासारखा : मान अरुंद, पोट फुगीर. वाळू पुरेशी ओली असेल, तरच हा माठ उभा राहतो. कोरडी असली की कडा ढासळतात, आणि मादी काम सोडून निघून जाते. आदल्या रात्रीच्या यू वळणाचं हेही कारण असू शकतं.

दहा अठ्ठेचाळीसला पहिलं अंडं पडलं. दोन-तीन अंडी एकदम, मग क्षणभर थांबून पुन्हा दोन. टेबलटेनिसच्या चेंडूएवढी, पांढरी, वरून चिकट पाण्यानं माखलेली. कवच कडक नसतं, चामड्यासारखं मऊ असतं, म्हणून अर्ध्या मीटरवरून पडूनही फुटत नाही. अंडी घालायला लागल्यावर मादी सहसा उठून जात नाही, आणि लाल उजेड फक्त याच वेळी, फक्त मागून, फक्त भोकाकडे धरायचा. डोक्याच्या बाजूला नाही. मागून जेवढं दिसलं तेवढं : हृदयाच्या आकाराची, राखट-हिरवट पाठ. कडेला दोन-तीन शिंपलेवजा बार्नॅकल चिकटलेले. पाठीवरचे बाजूचे खवले मोजले, तर एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला सात. बहुतेक समुद्री कासवांत हा आकडा चार-पाचावर थांबतो, ऑलिव्ह रिडलेत तो वाढतो आणि दोन्ही बाजूंना सारखा असेलच असंही नाही. उजव्या मागच्या पायाच्या कडेला जुनी खाच होती, जाळ्यात अडकून झालेली असावी. डोळ्यांतून पाणी वाहतं, त्याला लोक कासवाचं रडणं म्हणतात. ते अंगातलं जादा मीठ बाहेर टाकणं आहे, समुद्रातही चालूच असतं.

अकरा वाजून दोन मिनिटांनी अंडी थांबली. मग मागच्या पायांनी वाळू आत लोटली, आणि त्यानंतर आला तो आवाज. दोन्ही कडांवर अंग आळीपाळीनं उचलून ती पोटाच्या ढालीनं वाळू चोपायला लागली. धप, धप, धप. जमिनीवर पडलेल्या माणसाला ते छातीत जाणवतं. रिडलेंचीच ही खासियत, बाकीची मोठी कासवं असं चोपत नाहीत. शेवटी पुढच्या पायांनी इकडेतिकडे वाळू उडवून तिनं जागा मोडून टाकली. इतकी, की दोन मीटरवरून बघत असूनही अंडी नेमकी कुठे आहेत हे खात्रीनं सांगता आलं नसतं. ती वळायला लागली, तेव्हा कासवमित्रानं पाठीची वक्र लांबी टेपनं घेतली : मानेमागच्या खाचेपासून मागच्या टोकापर्यंत ६९ सेंटिमीटर. पायांना धातूची खूणपट्टी आहे का, तेही पाहिलं. नव्हती.

खूणपट्टी पाहण्याला अर्थ आहे. २०२१च्या मार्चमध्ये ओडिशात गहिरमाथ्याला पट्टी लावलेली एक मादी २०२५च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्याची आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं वेगवेगळी, असं मानलं जात होतं, त्याला या एका पट्टीनं धक्का दिला. वेळासच्याच पुळणीवरून २०२२च्या जानेवारीत 'प्रथमा' नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रह-यंत्र बसवून तिला सोडलं होतं. पश्चिम किनाऱ्यावर असं प्रथमच झालं, म्हणून ते नाव.

सव्वाअकराच्या पुढे ती पाण्याकडे निघाली. जाताना वाटेत थांबणं कमी असतं. पहिली लाट अंगावर आली, दुसरीनं उचललं, आणि काळा गोटा दिसेनासा झाला. एकूण तास-सव्वातास.

लगेच दुसरं काम सुरू झालं, आणि ते घड्याळाशी बांधलेलं होतं. घरटं जागेवर राखता आलं, तर ते सगळ्यात चांगलं. पण हे घरटं भरतीच्या रेषेपासून तीन मीटरवर होतं, आणि तिथी होती द्वादशी. अष्टमीच्या भांगापासून, म्हणजे सगळ्यात कमी चढणाऱ्या भरतीपासून, पाणी रोज थोडं वर चढत जातं आणि अमावस्येच्या उधाणाला सगळ्यात वर पोचतं. अजून तीन दिवस. खाऱ्या पाण्यात बुडालेली अंडी गुदमरून कुजतात. म्हणून हलवायचं ठरलं. अंडी हलवायची तर पहिल्या दोन-तीन तासांत. त्यानंतर आतला गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला वरच्या अंगाला चिकटतो, आणि अंडं उलटं-पालटं झालं की तो तुटून मरतो. पहाटेच्या गस्तीत सापडलेल्या घरट्यांमध्ये हाच धोका असतो. तेव्हा प्रत्येक अंडं आहे त्याच अंगावर, न फिरवता उचलावं लागतं.

काठी किंवा फावडं न वापरता हातानं वाळू काढली. बादलीच्या तळाला घरट्यातलीच ओली वाळू पसरली. अंडी एकेक करून मोजत ठेवली : १०८. भोकाची खोली आणि तोंडाची रुंदी काठीवर खुणा करून घेतली, कारण हॅचरीतला खड्डा तेवढाच करायचा असतो. जास्त खोल केला तर पिल्लांना वर यायला जड जातं, उथळ झाला तर वाळू तापते. बादली हिंदकळू न देता नेली, तसाच माठाच्या आकाराचा खड्डा केला, अंडी ठेवली. वर आधी ओली वाळू, मग कोरडी. चोपायचं मात्र नाही, हलक्या हातानं दाबायचं. सव्वाबाराला पाटी लागली. मूळ जागी, रिकाम्या भोकापाशी, सुरूची एक काठी रोवून ठेवली.

तिसरा दिवस, त्रयोदशी

सकाळी एका घरट्याची झाडाझडती होती. शेवटचं पिल्लू वर येऊन दोन-तीन दिवस झाले, की घरटं उकरून हिशोब मांडतात. अर्ध्याहून मोठं कवच म्हणजे एक पिल्लू निघालं असं धरायचं, बारीक तुकडे मोजायचे नाहीत. न उबलेली अंडी वेगळी, अर्धवट वाढून मेलेली वेगळी, घरट्याच्या मानेत अडकून मेलेली पिल्लं वेगळी. या घरट्यात बारा अंडी उबली नव्हती, पाचांना मुंग्या लागल्या होत्या. तळाशी मर्यादवेलीच्या मुळांच्या जाळीत एक पिल्लू जिवंत अडकलेलं सापडलं. त्याला संध्याकाळपर्यंत ओल्या वाळूच्या घमेल्यात सावलीत ठेवलं. दिवसाउजेडी सोडलं असतं, तर घारी-कावळ्यांनी टिपलं असतं.

हॅचरीवर हिरवी शेडनेट ताणायचं कामही त्याच दिवशी चाललं होतं. कासवांचं लिंग वाळूच्या तापमानावर ठरतं. साधारण २९-३० अंशांच्या खाली नर जास्त, वर माद्या जास्त. त्याहून बरंच तापलं, तर अंडीच मरतात. मार्च-एप्रिलच्या उन्हात उबणाऱ्या घरट्यांना म्हणून सावली लागते.

दुपारी केळशी-आंजर्ल्याकडे चक्कर. केळशीची महालक्ष्मी आणि आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, दोन्ही होतं. आंजर्ल्यालाही हॅचरी आहे आणि तिथली पुळण लांबच लांब आहे. वेळासला गर्दी असेल तेव्हा तिकडे जाणं शहाणपणाचं. कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी खाऊन संध्याकाळी परत आलो. घमेल्यातलं पिल्लू इतर चौदांबरोबर पाण्यात गेलं.

रात्रीची भरती हिशोबानं पावणेदहाची. बारापर्यंत दोन फेऱ्या झाल्या. काही नाही. खेकड्यांच्या खुणा, एका कोल्ह्याची पावलं, बस.

चौथा दिवस, चतुर्दशीची सकाळ

निघण्याआधी हॅचरीपाशी जाऊन पाटी पाहिली. माघ वद्य द्वादशी, १०८. पंचेचाळीस ते पंचावन्न दिवस धरले, तर टोपली हनुमान जयंतीच्या आसपास पडेल. ज्यांना पिल्लांसाठी यायचं आहे, त्यांनी असाच हिशोब विचारून मग घर आरक्षित करावं. कुठली घरटी कधी फुटणार, याचा अंदाज कासवमित्रांकडे असतो. शनिवार-रविवार सोडून आलात, तर दोरीपाशी उभं राहायला जागा मिळते.

खाली सुरूच्या काठीपाशी गेलो. परवाच्या रात्री तिच्यापासून तीन मीटर खाली असलेली ओली रेषा आता तिच्या बुंध्यापासून एका पावलावर आली होती. काठीच्या मागे शेवाळाचा एक धागा आणि नारळाचं करवंट येऊन पडलं होतं. अमावस्येला अजून एक दिवस होता.